बाराव्या खणाचं माप

२७ जानेवारी, सोमवार

आले एकदाची! आटगाव स्टेशनाबाहेर मठाची जीप उभी होती आणि चालवायला साक्षात मदर शोशाम्मा. वय बहात्तर, पांढरा झगा, डोक्याला काळं वस्त्र, पायात रबरी चपला, आणि वळणावर हॉर्न असा की म्हशी आपणहून बाजूला. मूळच्या कोट्टायमकडच्या, पण पन्नास वर्षं इथे काढल्यामुळे मराठी माझ्यापेक्षा रांगडी. मी मागे बसले असते तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळाच आठवते. हा मात्र खराखुरा मठ आहे, ऑर्थोडॉक्स सिस्टरांचा. भातसाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या टेकाडावर, चहूकडे साग. येत्या पंधरा तारखेला पन्नास वर्षं पुरी होतायत, म्हणून इतिहास आणि वास्तू यांवर पुस्तक काढायचं आहे. इतिहास मदर सांगणार, इमारत मी मोजणार. नकाशा कधी काढलाच नव्हता म्हणे! पन्नास वर्षं उभी असलेली इमारत आणि कागदावर एक रेघ नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सुताराचं मन बाभळीवर म्हणतात, तसं माझं चौकटींवर.

पहिला फेरफटका मारला. काळ्या दगडाच्या भिंती, केरळी उताराचं कौलारू छप्पर, मधे चौक. पूर्वेला चर्च. आत बाक नाहीत, दिवसातून सात वेळा उभ्यानंच प्रार्थना. वेदीपुढे लाल पडदा, पुढे टांगलेला तेलाचा दिवा. उत्तरेला एक बुटकी खोली, तिला इथे ‘विसावा’ म्हणतात. वारलेल्या सिस्टर तिथे भिंतीत ठेवलेल्या असतात. तिचं दार मुद्दाम बुटकं, एकशे साठ सेंटिमीटर, म्हणजे येणाऱ्याची मान आपोआप झुकावी. माझी उंची एकशे त्रेसष्ट. मान न झुकवल्याबद्दल कपाळाला टेंगूळ आलं. मदर पोटभर हसल्या आणि मग गरम जेवण वाढलं. मला ही जागा आवडली.

२९ जानेवारी, बुधवार

आज जे कळलं त्यावर तर अख्खं पुस्तक निघेल.

मठ बांधला मदर राहेल यांनी. त्या तीन सिस्टर घेऊन आल्या, त्यातली सगळ्यात लहान म्हणजे आमच्या शोशाम्मा. बांधायला शेजारच्या पाड्यातले गवंडी. मदर राहेलना नकाशा काढता येत नव्हता, गवंड्यांना वाचता येत नव्हता आणि एकमेकांची भाषा कुणालाच कळत नव्हती. मग त्यांनी काय करावं? स्वतः चर्चच्या जागेवर आडव्या पडल्या आणि टाचेपासून टाळूपर्यंत सुती दोरीनं स्वतःचं माप घ्यायला लावलं. ती दोरी झाली मठाचा गज. चर्चची रुंदी अशा सात दोऱ्या, लांबी बारा, दारं एक. मी दुपारभर लेसरनं पडताळून पाहिलं. बोटाचाही फरक नाही. अख्खी इमारत एका बाईच्या अंगावरून उचललेली आहे!

तीच रीत पुढे सिस्टरांना लागली. नवी मुलगी मठात कायमची झाली की तिला वेदीसमोर आडवी निजवून दोरीनं मोजतात. दोरीच्या एका टोकाला नावाची चिठ्ठी शिवतात आणि दोरी विसाव्यातल्या खुंटीला टांगतात. त्याच मापाचा खण भिंतीत लगेच तयार होतो. खण एकूण बारा. सात बंद, चार आता हयात असलेल्या सिस्टरांचे. बाराव्याचं काय, ते विचारायचं राहिलं. आत ठेवताना पाय पूर्वेला, डोकं खणाच्या तोंडाशी. मेलेले उठायच्या दिवशी उगवतीकडे तोंड हवं म्हणून.

हे सगळं दाखवलं महादूबाबांनी. सत्तरीचे गवंडी, बापानं मठ बांधला, हे डागडुजी बघतात. आयुष्यभर दगड ठोकून कान गेलेत, त्यामुळे खांद्याला हात लावल्याशिवाय बोलायची सोय नाही. नकाशाचं मी काही सांगायला लागले तर म्हणाले, “कागुद कोन वाचतो गो बाय? दोरी सांगल तसा दगड.” सिस्टर वारली की तिची दोरी तिच्याबरोबर आत जाते, फक्त चिठ्ठीचं टोक बाहेर लोंबतं ठेवतात, गवंड्याला तीच खूण. गवंडी पुरुषमाणूस, त्यानं आत बघायचं नाही. मान वळवून यायचं, चिठ्ठी चाचपायची, शिळा सरकवून चुना भरायचा. चिठ्ठीवरची अक्षरं शिळेवर आधीच कोरून तयार असतात. महादूबाबांना वाचता येत नाही. आकार बघून जसेच्या तसे उतरवतात, आणि सातही शिळांवर एक काना चुकलेला नाही. आमच्या ऑफिसातल्या शिकलेल्यांना दाखवायला हवं.

३१ जानेवारी, शुक्रवार

उंदरांनी माझ्या ओळंब्याची दोरी खाल्ली. वजन शाबूत, दोरी गायब. विसाव्याची भिंत ओळंब्यात आहे की नाही ते पाहायचं होतं आणि शहापूरला जाऊन दोरी आणायची म्हणजे अर्धा दिवस बुडाला.

खुंट्यांवर बाराव्या जागी एक दोरी बिनचिठ्ठीची लोंबत होती. उरलेली असावी. सुरेख दोरी, मेण लावलेली, ताणली तरी न वाढणारी. ओळंब्याला जणू मोजून केलेली. काढली, वजन बांधलं, काम दोन तासांत संपलं. भिंत चक्क सरळ आहे. दोरीची लांबी एकशे सत्तावन्न, नोंद असावी म्हणून लिहिते.

साइटवर वस्तूंना पाय फुटतात, म्हणून माझ्या प्रत्येक अवजारावर माझं नाव असतं. या दोरीच्या वजनाकडच्या टोकालाही माझी चिठ्ठी बांधून टाकली. कुणाली भोईर आणि खाली मोबाइल नंबर. काम झाल्यावर परत टांगायला विसरले नाही, वजनासकट. उद्या लागेलच.

३ फेब्रुवारी, सोमवार

काम जोरात. चौक, स्वयंपाकघर, ओसरी झाली. दुपारी चौकामागून छिन्नीचा टकटक आवाज येत असतो. महादूबाबा सुवर्णमहोत्सवाची कोनशिला घडवत असणार. मला तो आवाज आवडतो, त्याच्या तालावर आकडे लिहिले जातात.

एक विचित्र. माझ्या खोलीची रुंदी आज तीनशे चौदा भरली. परवा तीनशे तीस लिहिलेली आहे, माझ्याच अक्षरात. टेबलापासून भिंत एकशे सत्तावन्न. खाट एकशे सत्तावन्न. लेसरची बॅटरी बदलली, मग टेप घेतली. तेच. मला चुकीचं माप म्हणजे नखात गेलेलं कुसळ, झोप लागत नाही. उद्या सगळं पुन्हा.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज विसाव्याच्या दारातून आत गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. चौथ्या खेपेला लक्षात आलं की मी मान झुकवत नाहीये. आणि कपाळ लागत नाहीये.

दार मोजलं. एकशे साठ. दार तेवढंच आहे.

मग मी भिंतीला पाठ लावली, डोक्यावर पट्टी धरली, पेन्सिलनं खूण केली. एकशे एकोणसाठ पूर्णांक आठ. हसायला आलं. मग आलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मदर शोशाम्मांनी दोरी पाहिली. मीच दाखवली, आकड्यांबद्दल विचारायला गेले तेव्हा. त्या ओरडल्या नाहीत. चिठ्ठी हातात घेऊन माझं नाव दोनदा वाचलं आणि खाली बसल्या. मला त्यांचं ते बसणं फार वाईट दिसलं.

ती दोरी उरलेली नव्हती. सरस्वती नावाच्या मुलीची होती. वैशाखऱ्याची, बावीस वर्षांची, अठ्ठ्याहत्तर साली मठात आली. मापही घेतलं, खणही झाला. पाच वर्षांनी तिला घरी जावंसं वाटलं आणि ती गेली. त्यात गैर काही नव्हतं. चूक मठाची झाली, असं मदर म्हणाल्या. दोरी जाळायला हवी होती. त्याऐवजी मदर राहेलनी नुसतं नाव कातरलं आणि ‘कुणीतरी येईल’ म्हणून दोरी परत टांगली. त्या नेहमी म्हणायच्या, मोजलेली जागा रिकामी राहत नाही, ती आपलं माणूस शोधते. बेचाळीस वर्षं कुणी त्या दोरीला हात लावला नाही, आणि मी आले ती नाव बांधूनच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, चिठ्ठी काढून टाकते. त्यांनी माझा हात धरला. नाव कातरून एकदा काय झालं ते पाहिलंस ना? बिशप गुरुवारी, तेराला येणार आहेत. ते प्रार्थना करून नाव सोडवतील आणि दोरी वेदीपुढे जाळू. तोवर दोरी, चिठ्ठी, काहीच हलवायचं नाही.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण माझा पट्टीवर विश्वास आहे, आणि पट्टी आज एकशे एकोणसाठ म्हणते.

८ फेब्रुवारी, शनिवार

तेरापर्यंत हातावर हात ठेवून बसणं मला जमणार नव्हतं. मदरांना न विचारता दोरी पिशवीत घातली आणि मुरबाडवरून एसटीनं वैशाखरे गाठलं. सरस्वतीबाईंचं घर लगेच सापडलं.

एकोणसत्तर वर्षांची बाई, पाठीतून वाकलेली, हसरी. अंगणात नाचणी वाळत होती. कोरा चहा दिला, मठाची खुशाली विचारली, मदर राहेलच्या नावानं हात जोडले. तिथं वाईट काही नव्हतं, म्हणाल्या, फक्त रोज आपली जागा भिंतीत बघवत नव्हती. “बावीस वर्सांची मी, नि मला रोज दिसं का इथं निजायचाय.” मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, हे लिहायला लाज नाही.

बाईंनी लगेच हात पुढे केला. “दे ती मला. माझीच हाय ना? तुझा काय दोष? माझं आता किती रायलं!” त्या ओटीवर आडव्या झाल्या, जणू काल मोजलं होतं. मी टाचेशी दोरी धरली आणि टाळूपर्यंत नेली.

दोरी चार बोटं पुढे गेली.

पुन्हा नेली. त्यांना ताठ व्हायला सांगितलं, गुडघे दाबले. चार बोटं. त्या उठून बसल्या आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, माणूस म्हातारपणी आखडतं गो बाय, डोक्यावर भारे वाहून आमी नाय रायलो तेवढे. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. ती दोरी आता त्यांची नव्हती. त्या सुटल्या होत्या, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

काल परस्पर बदलापूरला घरी गेले. वाटलं, आता परतायचंच नाही. पुस्तक गेलं खड्ड्यात.

आईनं दार उघडलं आणि पहिला प्रश्न, सलवार जमिनीला का लागतेय? नवी नाहीये ना ती? माझ्या लहानपणच्या खाटेवर झोपले. सकाळी उठून खाट मोजली. एकशे सत्तावन्न. त्या खाटेवर माझे बाबा झोपायचे, सहा फुटी माणूस.

इथे थांबून उपयोग नाही. निदान तिथे बिशप तरी येणार आहेत. आईला सांगितलं, चार दिवसांचं काम उरलंय. तिनं डबा भरून दिला. संध्याकाळी आटगावला उतरले, रिक्षा करून मठात. दोरी खुंटीला टांगली. मदर रागावल्या नाहीत, मला जवळ घेतलं. माझे डोळे त्यांच्या डोळ्यांपेक्षा खाली आले. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापेक्षा उंच होते.

आज एकशे अठ्ठावन्न.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून तीन दिवस निनवेचा उपास. योना नावाचा संदेष्टा तीन दिवस माशाच्या पोटात होता, त्याची आठवण. सिस्टर जेवत नाहीत, बोलत नाहीत, फक्त प्रार्थना. आधीच माहीत होतं, पण शांतता एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी छिन्नीचा आवाज थांबला म्हणून चौकामागे गेले.

ती कोनशिला नव्हती.

शिळेवर माझं नाव होतं. माझ्याच अक्षरात. माझा तिरका ‘ण’, ‘ली’ची लांबलेली वेलांटी. आणि खाली माझा मोबाइल नंबर, दहाही आकडे, सुबक कोरलेले. महादूबाबांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नसते. दोरीला चिठ्ठी लागली की शिळा घडवायची, ही बापापासूनची रीत. त्यांनी आकार बघून उतरवले.

मी त्यांचा खांदा हलवला, ओरडले, मी सिस्टर नाही, मी मेलेली नाही! त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे. कौतुकच करतेय असं वाटलं बहुतेक. मान डोलावली आणि आकड्यांवर बोट ठेवून म्हणाले, लय बारीक काम होता, पर बसला.

मदरांकडे धावले. त्या मौनात. पाटीवर लिहिलं, ‘गुरुवारी. धीर धर.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी एकशे सत्तावन्न पूर्णांक चार. दुपारी बरोबर एकशे सत्तावन्न. तीनदा मोजलं.

मदरांनी पाटी दाखवली. बिशपांना ताप. गुरुवारी नाही, शनिवारी येतील.

शनिवार — तोवर मी —

शिळा विसाव्याच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. पहारी पण आणल्यात.

भीती वाटते. लिहूनच टाकते. मला फार भीती वाटते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी. एकशे छप्पन्न पूर्णांक चार!

दोरीच्याही खाली गेले! सरस्वतीबाई सुटल्या त्या माप चुकलं म्हणून. मग माझंही चुकलं. दोरी माझी नाही. मी सुटले — सुटलेच पाहिजे —

पण उभं माप इथे धरत नाहीत. आडवं धरतात. खणाच्या तोंडापर्यंत डोकं येत नाही, एवढं एकदा बघायचं. एकदाच. बोटभर जागा उरली की वही मिटायची आणि आजच घरी.

बारा वाजले. सगळ्या चर्चमध्ये, दुपारच्या प्रार्थनेला. विचारणार कुणाला —

आत आहे. पाय आधी. टॉर्च तोंडात, वही छातीवर. दीड फूट उंची, हात डोक्यावर जात नाहीत. दोरीचं एक टोक टाचेखाली. दुसरं बाहेर सोडलं, ओळंब्यासकट, म्हणजे ताठ राहील. पद्धतशीर.

टाचा भिंतीला लागल्या. डोकं —

डोकं काठाशी. बरोबर काठाशी. बोटभर पण नाही.

आडवं झालं की कणा सैल होतो, माणूस वाढतं थोडं. मला माहीत होतं हे. शाळेपासून माहीत —

बाहेर यायचं. कोपरं लागतायत. हळू —

दगड घासल्याचा आवाज. पहार.

चिठ्ठी. चिठ्ठी बाहेर लोंबतेय.

महादूबाबा! मी आहे आत, मी — त्यांना ऐकू नाही येत — चर्चमधून गाणं येतंय, सगळ्या गातायत —

उजेड एक वीत.

बघा ना आत, एकदा मान वळवून — नाही बघणार, आत बघायचं नाही त्यांनी, रीतच —

चार बोटं.

दोन बो